"सर, जरा बघता का?" एवढ्यावर थांबू नका: डॉक्टरांना धोका स्पष्ट कसा सांगायचा, नव्या सिस्टरसाठी

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून चिपळूणजवळच्या गावातून मी मुंबईला आले, त्याला आता चौदा वर्षं झाली. पहिल्याच पावसाळ्यात एका छोट्या खासगी हॉस्पिटलमध्ये नाइट ड्यूटीला होते. सात नंबरच्या बेडवर डेंग्यूचा तिशीतला पेशंट होता. पाचवा दिवस. संध्याकाळी ताप उतरला म्हणून बायको खुशीत घरी गेलेली. रात्री एक वाजता त्याचे हात गार लागले, तीन उलट्या झाल्या होत्या, बीपी १००/८०. मला काहीतरी बरोबर वाटेना. मी डॉक्टरांना फोन लावला आणि म्हणाले, "सॉरी सर, डिस्टर्ब केलं. सात नंबरला जरा बरं वाटत नाहीये."

"ताप आहे?"

"नाही सर."

"मग झोपू दे त्याला. सकाळी बघतो."

"ओके सर."

चार वाजता त्याचं बीपी लागेना. आयसीयूत अकरा दिवस काढून तो वाचला. त्यानंतर कित्येक महिने मी म्हणत होते, "मी सरांना कळवलं होतं." पण मी काय कळवलं होतं? शंभरावर ऐंशी हा आकडा माझ्या तोंडून निघालाच नव्हता. लघवी किती झाली, हात गार आहेत, उलट्या झाल्या, यातलं काहीच मी बोलले नाही. अर्ध्या झोपेतल्या माणसापर्यंत माझी भीती पोचली नाही, कारण मी ती "जरा बरं नाही" या तीन शब्दांत गुंडाळून दिली होती.

आपल्याला घरात आडून बोलायला शिकवतात. लेकी बोले सुने लागे. मोठ्यांना थेट सांगायचं नाही, सुचवायचं. हेच वळण आपण वॉर्डात घेऊन येतो. म्हणून सगळ्यात आधी हे पक्कं करा: सुचवणं म्हणजे सांगणं नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. आणि यासाठी जन्मजात धीट असावं लागत नाही. मी आजही धीट नाही, तयारी मात्र करून जाते.

फोनआधी हाताशी काय हवं

केसपेपर. टीपीआर (ताप, नाडी, श्वास) आणि बीपीचा चार्ट. औषधांचा चार्ट. इनटेक-आउटपुट. शेवटचे रिपोर्ट, आणि शक्य असेल तर आधीचेही, म्हणजे फरक सांगता येतो. पेशंटचं वजन, ॲलर्जी. सेकंदकाटा असलेलं घड्याळ, पेन, खिशात छोटी वही. ड्यूटी सुरू होतानाच त्या वहीत आजच्या रात्रीचे फोन नंबर उतरवा: ऑन कॉल कोण, त्यांनी फोन नाही उचलला तर कोण, नर्सिंग सुपरव्हायझर कोण. पावसाळ्यात हे दुप्पट महत्त्वाचं. हिंदमाताला पाणी भरलं, लोकल थांबली आणि कन्सल्टंट सायनला गाडीत अडकले, अशी रात्र दर वर्षी येते. त्यांच्या जागी कोण येणार हे रात्री आठलाच विचारून ठेवा.

१. फोनकडे जाण्याआधी पुन्हा पेशंटकडे जा

दोन मिनिटं लागतात. नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन, तापमान आणि शुद्ध स्वतः बघा. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. चार्टवर सगळ्यांचा श्वास २० लिहिलेला असतो, हे आपल्यालाही माहीत आहे आणि डॉक्टरांनाही. बिघडणाऱ्या पेशंटचा श्वास बऱ्याचदा आधी बदलतो, आणि नेमका तोच कोणी मोजत नाही.

तुमच्याकडे न्यूज स्कोअर (नाडी, बीपी, श्वास अशा प्रत्येक मोजमापाला गुण देऊन धोका ओळखायची पद्धत) वापरत असतील तर बेरीज करा. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने तो २०१२ मध्ये आणला आणि २०१७ मध्ये सुधारला. बेरीज ५ झाली की डॉक्टरांनी तातडीने बघायला हवं, ७ झाली की आणीबाणी. माझ्या त्या पेशंटचा श्वास २४, नाडी ११८, वरचं बीपी १००. प्रत्येकी दोन, म्हणजे ६. तेव्हा मला हे येत नव्हतं. आज मी "बरं वाटत नाही" ऐवजी "स्कोअर ६ आहे" म्हणते आणि पलीकडचा आवाज लगेच जागा होतो. सोळा वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना मात्र हा स्कोअर लावू नका.

आकडे ठीक आहेत पण पेशंट ठीक नाही, असंही होतं. सकाळी गप्पा मारणारी आजी दुपारी भिंतीकडे तोंड करून गप्प पडते. तेही सांगायचं, फक्त काय बदललं ते शब्दांत पकडा: "सकाळी नाव सांगत होत्या, आता मुलाला ओळखत नाहीत."

२. पहिल्या वाक्यात धोका

आपण गोष्ट पहिल्यापासून सांगायला जातो: पेशंट कधी भरती झाला, आधी कोणाकडे होता, मग काय झालं. डॉक्टर तिसऱ्या वाक्याला "मुद्दा काय सिस्टर?" म्हणतात आणि आपण गडबडतो. क्रम उलटा करा. अमेरिकेच्या अणुपाणबुड्यांवरच्या नौसैनिकांकडून आलेली एक चौकट आता जगभर वॉर्डात वापरतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एसबार म्हणतात. आपल्या भाषेत चार गोष्टी: आत्ता काय चाललंय, मागे काय झालं, मला काय वाटतं, मला काय हवंय.

त्या रात्रीचा फोन मी आज असा करेन:

"सर, मी दुसऱ्या मजल्यावरून सिस्टर बोलतेय, मेल वॉर्ड. बेड सातचा डेंग्यूचा पेशंट शॉककडे चाललाय असं मला वाटतंय. बीपी शंभरावर ऐंशी, पल्स प्रेशर फक्त वीस. नाडी एकशे अठरा, श्वास चोवीस, हात गार. आठ वाजल्यापासून तीन उलट्या, पोटात दुखतंय, लघवी पाच तासांत साठ एमएल. आज पाचवा दिवस, ताप संध्याकाळी उतरला. हिमॅटोक्रिट भरतीच्या दिवशी एकोणचाळीस होता, आज सत्तेचाळीस. तुम्ही आत्ता येऊन बघायला हवं. येईपर्यंत फ्लुइड कुठलं आणि किती वेगाने लावू? सीबीसी परत पाठवते."

वाचून बघा, एक मिनिटही लागत नाही. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास सर्वांत धोक्याचे, कारण याच वेळी रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं. वरचा आणि खालचा बीपी जवळ येतात (त्यांच्यातला फरक म्हणजे पल्स प्रेशर), हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, चढतो. घरचे मात्र "ताप गेला" म्हणून निश्चिंत असतात. जुलै ते ऑक्टोबर मुंबईच्या कुठल्याही वॉर्डात हे बघायला मिळेल, म्हणून हाच नमुना दिला. फोनआधी तो एकदा कागदावर लिहून काढा. पहिलं वर्षभर मी प्रत्येक वेळी लिहून काढायची.

"मला असं वाटतंय" म्हणायला नव्या मुली घाबरतात. निदान करणं आपलं काम नाही, असं शिकवलेलं असतं. पण तुम्ही निदान देत नाही, अंदाज देताय. "नक्की काय ते कळत नाही, पण पेशंट बिघडतोय" हाही पुरेसा अंदाज आहे.

भाषेचं सांगते, कारण मी स्वतः मराठी शाळेतली. डॉक्टरांशी इंग्रजीतच बोलायला हवं असं वाटून मी निम्म्या गोष्टी गिळायची. आपल्या वॉर्डात मराठी, हिंदी, मल्याळम, गुजराती सगळं चालतं. आकडे आणि औषधांची नावं इंग्रजीत, बाकी जी जीभेवर येईल ती भाषा. व्याकरण चुकलं म्हणून आजवर माझा एकही पेशंट बिघडलेला नाही.

३. एकच नेमकी मागणी

"सर, बघून घ्या" ही मागणी नव्हे. "तुम्ही पंधरा मिनिटांत येऊन बघाल का?", "आयसीयूला कॉल देऊ का?", "हा डोस आत्ता थांबवते, तुम्ही बघून सांगा." मागणी अशी हवी की समोरच्याला हो किंवा नाही म्हणावंच लागेल.

इंग्लंडमध्ये २००५ साली एका तरुण आईला सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी भूल दिली आणि तिच्या फुप्फुसांपर्यंत ऑक्सिजन पोचवणं डॉक्टरांना जमेना. तिघे अनुभवी डॉक्टर नळी घालण्यात गुंतून गेले. एका नर्सने गळ्याला छेद देण्याचं साहित्य आणून ठेवलं आणि ते आलंय असं सांगितलं. दुसरीने आयसीयूत बेड मागितला. पण डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून तिला वाटलं की आपण उगाच घाई करतोय, म्हणून तिने तो बेड रद्द केला. ती बाई तेरा दिवसांनी गेली. काय करायला हवं ते त्या नर्सना कळलं होतं. ते करायला कसं लावायचं, हे त्यांना सुचलं नाही. तिचा नवरा विमानाचा पायलट होता. त्याने पुढे आयुष्य याच प्रश्नासाठी दिलं, आणि तिची हकीकत आज जगभर डॉक्टर-नर्सना शिकवली जाते. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा ट्रेनिंग हॉलमधून उठून बाहेर जावं लागलं होतं.

४. ऑर्डर परत म्हणून दाखवा

फोनवरची ऑर्डर लिहा, वाचून दाखवा, "बरोबर?" विचारा आणि "हो" ऐकल्यावरच फोन ठेवा. पंधरा आणि पन्नास फोनवर एकसारखे ऐकू येतात, फिफ्टीन आणि फिफ्टी तर जुळे भाऊच. औषधाचं नाव शंकास्पद वाटलं तर स्पेलिंग विचारा.

व्हॉट्सॲपवर एक ताकीद. रिपोर्टचा फोटो पाठवून निळ्या खुणा आल्या की "सरांनी बघितलं" असं आपण धरून चालतो. निळी खूण हे उत्तर नाही. तातडीचं काहीही असेल तर फोनच करा. मेसेजवर आलेली ऑर्डर केसपेपरवर वेळेसकट उतरवा आणि डॉक्टर आल्यावर सही घ्या.

५. पहिलं उत्तर "नाही" आलं तर

इथेच बहुतेक जणी थांबतात. मीही इथेच थांबले होते.

१९७७ मध्ये तेनेरिफच्या विमानतळावर धुक्यात दोन जंबो विमानं धडकून ५८३ माणसं गेली. त्यातल्या एका विमानाच्या फ्लाइट इंजिनियरने समोरची धावपट्टी रिकामी झालीय का, अशी शंका काढली होती. कॅप्टनने ठामपणे होकार दिला आणि तो गप्प बसला. पुढे विमान कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना दुसऱ्यांदा बोलायला शिकवलं, आणि तीच शिकवण हॉस्पिटलमध्ये आली. नियम असा: धोक्याची गोष्ट एकदा ऐकली गेली नाही तर ती निदान दोनदा सांगायचीच. पहिल्यांदा डॉक्टरांनी ऐकलंच नसेल. झोपेत असतील, ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) असतील, शेजारी दुसरा पेशंट असेल.

दुसऱ्यांदा सांगताना आवाज चढवू नका, शब्द चढवा. अमेरिकेत २००६ पासून शिकवल्या जाणाऱ्या टीमस्टेप्स प्रशिक्षणात त्याच्या तीन पायऱ्या आहेत. मी त्या आपल्या बोलीत अशा वापरते:

"सर, मला काळजी वाटतेय." आणि कारणाचा आकडा.

"सर, हे असंच ठेवणं मला बरोबर वाटत नाहीये."

"सर, हा पेशंटच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. मी इथे थांबवतेय."

तिसरं वाक्य जपून वापरा. रोज वापरलं तर त्याचं वजन जातं. पण गरज पडली तर गिळू नका.

डॉक्टर चिडले तर? चिडतात. "तुम्ही मला शिकवणार का सिस्टर?" हे वाक्य मी ऐकलंय. त्याला माझं उत्तर ठरलेलं आहे: "नाही सर. बीपी ऐंशी आहे, तुम्ही येऊन बघावं एवढंच म्हणतेय." वादात शिरू नका, परत आकड्यावर या. आपला मान, त्यांचा स्वभाव, मागच्या वेळी काय झालं, हे सगळं सकाळसाठी ठेवा. रात्री फक्त पेशंट.

घाई नसेल तेव्हा नातेवाइकांसमोर डॉक्टरांना टोकू नका. "सर, एक मिनिट बाहेर येता?" एवढं पुरतं. पण चुकीचं इंजेक्शन शिरेच्या दोन इंचांवर असेल तर तिथेच, सगळ्यांसमोर, "सर, थांबा."

६. वरची पायरी चढा

दोनदा सांगूनही काही हललं नाही तर वर जायचं. ही चुगली नाही. शिडी आधीपासून ठरलेली असते आणि प्रत्येकीला ती तोंडपाठ हवी. मोठ्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात हाऊसमन, मग सीनियर रेसिडेंट, मग लेक्चरर, मग युनिट हेड. आपल्या बाजूने परिसेविका, रात्रीच्या सुपरव्हायझर, अधिसेविका. खासगीत आरएमओ (हॉस्पिटलमध्ये हजर असणारे निवासी डॉक्टर), कन्सल्टंट, आयसीयूचे डॉक्टर, मेडिकल सुपरिंटेंडेंट. नर्सिंग होममध्ये शिडी दोनच पायऱ्यांची असते, म्हणून तिथे नोकरी धरतानाच विचारा: "रात्री पेशंट बिघडला आणि डॉक्टर फोन उचलत नसतील तर मी कोणाला फोन करायचा?" याला नीट उत्तर मिळालं नाही तर त्या जागेबद्दल पुन्हा विचार करा.

वर जाण्याआधी त्या डॉक्टरांना सांगा: "सर, माझी काळजी मिटलेली नाही, मी सीनियरना कळवतेय." पाठीमागून केलेला फोन पुढे वर्षभर सलतो, सांगून केलेला बहुधा नाही. आणि पुष्कळदा हे वाक्य ऐकूनच डॉक्टर चप्पल घालतात. श्वास किंवा नाडी थांबत असेल तर मात्र शिडी विसरा आणि सरळ कोड ब्लू (जीव वाचवणाऱ्या टीमला तातडीची हाक) द्या.

७. औषध चुकीचं वाटलं तर हात थांबवा

ऑर्डर डॉक्टरांची असली तरी इंजेक्शन आपल्या हातून जातं, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आपल्या नावावर असतो. तीन ठिकाणी मी नेहमी थांबते.

पोटॅशियम क्लोराइड. १० एमएलच्या अँप्यूलमध्ये २० एमईक्यू असतं. ते पातळ न करता शिरेत थेट दिलं तर हृदय थांबतं. राउंडमध्ये घाईने "केसीएल एक अँप देऊन टाका" म्हटलं जातं. विचारा: "सर, कुठल्या ड्रिपमधून आणि किती तासांत?" हे उत्तर मिळेपर्यंत अँप्यूल फोडायची नाही.

इन्सुलिन. आपल्याकडे एका एमएलला ४० युनिटची व्हायल अजून सर्रास चालते आणि १०० युनिटचीही येते. सिरिंजही दोन प्रकारच्या: ४० ला लाल टोपी, १०० ला नारिंगी. १०० ची व्हायल आणि ४० ची सिरिंज झाली तर दहाच्या खुणेवर पंचवीस युनिट जातात. व्हायल आणि सिरिंज एकमेकांशेजारी धरून दुसऱ्या सिस्टरला दाखवा.

ॲलर्जी. केसपेपरवर पेनिसिलिनची ॲलर्जी लाल शाईने लिहिलेली असते आणि खाली ऑगमेंटिन लिहिलेलं असतं. ऑगमेंटिनमधलं अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्याच घरातलं, पण ब्रँडच्या नावात ते दिसत नाही. "सर, यांना पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलीय, यात अमॉक्सिसिलिन आहे. दुसरं काही देऊ या?"

डोस पटत नसेल तर म्हणा: "मी हे देऊ शकत नाही, तुम्ही एकदा बघून खात्री करा." फार्मासिस्टला विचारण्यातही कमीपणा नाही.

८. ओटीत

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये काढलेल्या सर्जिकल चेकलिस्टमध्ये १९ मुद्दे आहेत. भूल देण्याआधी, कातडीला सुरी लावण्याआधी आणि पेशंट ओटीबाहेर नेण्याआधी, असे तीनदा थांबायचं. बऱ्याच ठिकाणी ती ऑपरेशननंतर एकदम टिकमार्क करून टाकतात. तुमच्या हातात कागद असेल तर मोठ्याने वाचा: पेशंटचं नाव, कुठलं ऑपरेशन, कुठली बाजू. आणि मॉपचा (रक्त टिपायच्या कापडांचा) हिशेब जुळला नाही तर पोट बंद होण्याआधी सांगा: "सर, एक मॉप कमी आहे. बंद करू नका." मग सर्जन कितीही मोठे असोत आणि बाहेर पुढचा पेशंट तयार असो. मोजणीत चूक तुमचीच निघाली तर पाच मिनिटं गेली एवढंच.

९. लिहा, आणि शांतपणे लिहा

वेळ, काय दिसलं, कोणाला सांगितलं, कोणत्या शब्दांत, उत्तर काय आलं, तुम्ही पुढे काय केलं. "रा. १.१० बीपी १००/८०, नाडी ११८, हात गार. रा. १.१५ ऑन कॉल डॉक्टरांना फोनवर वरील सर्व सांगितले, येऊन बघण्याची विनंती. उत्तर: निरीक्षण ठेवा. रा. १.३० बीपी ९६/८०, पुन्हा फोन. रा. १.३५ सुपरव्हायझरना कळवले."

"सांगूनही आले नाहीत", "निष्काळजीपणा केला" असले शेरे केसपेपरवर नकोत. वेळा सगळं बोलतात. नोंद चुकली तर एका रेषेने खोडा आणि सही करा, व्हाइटनर कधीच नाही. नंतर आठवलेलं मागच्या वेळेत घुसवू नका, "उशिरा केलेली नोंद" असं लिहून आत्ताची वेळ टाका. घटना गंभीर असेल तर इन्सिडंट फॉर्म वेगळा भरा. एनएबीएच (हॉस्पिटलचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या हॉस्पिटलमध्ये तो असतोच. कपाटात कुठे ठेवलाय ते आजच बघून ठेवा.

१०. सकाळ झाल्यावर

ज्या डॉक्टरांशी खटका उडाला त्यांना राउंड संपल्यावर एकटं गाठा. "सर, रात्री मी दोनदा फोन केला, कारण मला खरंच भीती वाटली होती. पुढच्या वेळी कुठल्या आकड्याला फोन करू?" हा प्रश्न मी अनेकांना विचारलाय. बहुतेकांनी आकडा दिला, आणि पुढच्या फोनला त्यांचा आवाज वेगळा होता. ओरडा खाल्ला असेल तर एकटीने घरी नेऊ नका, इन्चार्ज सिस्टरला सांगा. तुमचा अंदाज चुकला आणि पेशंट ठीक निघाला, तरी माफी मागायची नाही. "बरं झालं सर, बघितलंत" एवढं पुरे.

आणि ड्यूटी सोडताना ओव्हर देत असाल तर "डॉक्टरांना कळवलंय" या वाक्यावर थांबू नका. कोणाला, किती वाजता, ते काय म्हणाले, आणि आता किती वाजता परत बीपी घ्यायचं, हे पुढच्या सिस्टरला बेडजवळ उभं राहून, पेशंटचा हात हातात घेऊन सांगा. हात गार आहे की गरम, हे तिलाही तेव्हाच कळेल.